आधी पेटीला विचार

बाबू, क्लिपचा ट्यूनर घेतलास हे चांगलं केलंस. तुझ्या बहिणीने बेस शिकायला घेतला आहे आणि ती तुझाच ट्यूनर मागून नेते, हेही ताईकडून कळलं. म्हणून दोघांसाठी मिळून लिहितो. एकदा गणपती बसले की मग देवी, मग दिवाळी पहाट, मग लग्नं. त्या धावपळीत नीट बसून सांगणं होत नाही, आणि स्टेजवर कोणाला शिकवू नये.

ट्यूनर महागाचा की स्वस्तातला, हा प्रश्न नंतरचा. आज आपल्याला कोणाच्या सुरात वाजवायचं आहे, हे आधी ठरवायचं. घरी एकटा वाजवत असशील तर ट्यूनर म्हणेल ते खरं. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडचा ऑर्केस्ट्रा असेल तरी बहुतेक वेळा ट्यूनरच खरा, कारण कीबोर्ड कारखान्यातून ४४० ला लागूनच येतो. पण आपल्या अमरावती-अकोल्याकडे गिटारवाल्याला बोलावणं येतं ते भजनी मंडळाचं, सुगम संगीताचं, गझलेच्या बैठकीचं. अमरावती हे सुरेश भटांचं गाव, इथे गझलेची बैठक अजून मन लावून ऐकली जाते. अशा ठिकाणी मधोमध पेटी असते. पेटी जागेवर लावता येत नाही. तिचा सूर बदलायचा तर पितळी रीड काढून खरवडावी लागते. ते कारागिराचं काम आहे, दोन गाण्यांच्या मधे होणारं नाही. तुझ्या गिटारीला मात्र सहा खुंट्या आहेत, तेव्हा सरकायचं तू. मी ज्यांच्यासोबत पहिल्यांदा बसलो ते पेटीवाले काका मला एवढंच म्हणाले होते, "पेटीचा सूर धर बापा, त्या डब्बीचा नोको धरू."

याचा अर्थ डब्बी फेकून द्यायची असा नाही. पेटीचा सूर त्या डब्बीकडूनच मोजून घ्यायचा. ते कसं, ते सांगतो.

ट्यूनर चालू केला की तारेला हात लावायच्या आधी पडद्यावरचा आकडा बघ. तिथे ४४० दिसायला हवं. मधल्या सप्तकातली पांढरी सहा, म्हणजे इंग्रजी ए, सेकंदाला ४४० वेळा कंप पावते असं धरून ट्यूनर सगळे सूर मोजतो. हा आकडा आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९५५ मध्ये सुचवला आणि १९७५ मध्ये पक्का केला. ट्यूनर बॅगेत कोंबला की बटण दाबलं जातं आणि ४४० चं ४३७ होऊन बसतं. मग सगळ्या तारा हिरव्या दिव्यावर येतात, तुला वाटतं गिटार लागली, आणि पहिल्याच कॉर्डला कीबोर्डवाला मान वळवून बघतो. म्हणून आकडा बघायची सवय हाताला लागली पाहिजे.

आता पेटी. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी, तबलेवाले हातोडी काढतात त्या सुमाराला, पेटीवाल्यांशेजारी जाऊन बस. "काका, आज सा कुठला?" असं विचार. काळी एक म्हणाले, तर तीच पट्टी धरून ठेवायची विनंती कर. एकच स्टॉप उघडा ठेवायला सांग. रीडच्या दोन ओळी एकदम वाजल्या की त्यांच्यात बारीकसा फरक असतोच, आणि काटा नाचत राहतो. भाताही एकसारखा हवा, कारण हवेचा जोर बदलला की रीडचा सूर किंचित हलतो. ट्यूनरवर क्लिप आणि माइक असे दोन पर्याय असतील तर माइक निवड आणि रीड जिथून बोलतात त्या बाजूला ट्यूनर धर. काटा मधोमध थांबला तर पेटी ४४० ची आहे, काही करायचं नाही. काटा उजवीकडे गेला तर पेटी चढी. अशा वेळी ट्यूनरचा आकडा एकेक वाढव: ४४१, ४४२, ४४३. ज्या आकड्याला काटा मधे येईल तो त्या पेटीचा आकडा. उतरी असेल तर खाली जा. मग त्याच आकड्यावर सगळी गिटार लाव, आणि बहिणीलाही तोच आकडा सांग. दोघांचे ट्यूनर वेगवेगळ्या आकड्यांवर राहिले तर एवढी मेहनत पाण्यात.

पेटीचा पंचमही एकदा तपासून घ्यावा. जुन्या पेटीत एखादी रीड आपल्या जागेवरून सरकलेली असते. सा आणि पंचम दोन्ही एकाच आकड्याला मधे येत असतील तर निर्धास्त वाजव. पंचम वेगळं बोलत असेल तर सा खरा मान, कारण गाणाऱ्याचा कान तिथे परत परत येतो. तुझ्या ट्यूनरमध्ये आकडा बदलायची सोयच नसेल तर पेटीवर काटा जिथे थांबला ती जागा लक्षात ठेव आणि सहाही तारा त्याच जागेवर आण. आणि कार्यक्रम आटोपला की आकडा परत ४४० करून मगच ट्यूनर बॅगेत टाक.

सेंट म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, कारण ट्यूनरच्या खोक्यावर तो शब्द असतो. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्या, मग ती पांढरी तीन-पांढरी चार असो की पांढरी एक-काळी एक, त्यांच्यातल्या अंतराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. अलेक्झांडर एलिस नावाच्या इंग्रज विद्वानाने १८८५ च्या सुमाराला हे माप रूढ केलं. ४४० च्या आसपास चार सेंट म्हणजे साधारण एक हर्ट्झ. म्हणजे पेटी १२ सेंट चढी असेल तर ती ४४३ ची. साधे ट्यूनर एक-दोन सेंटपर्यंत नीट सांगतात आणि आपल्या कामाला ते पुरे आहे.

तुला ट्यूनरवर इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि मंडळातले सगळे काळी-पांढरी बोलतात. या दोन भाषा एकमेकींना कशा जुळतात ते पाठ करून टाक. गिटारच्या मोकळ्या तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. सहाच्या सहा पांढऱ्या. आता सगळी गिटार अर्धा सूर उतरवलीस तर काय होतं बघ: काळी दोन, चार, एक, तीन, पाच आणि पुन्हा दोन. सहाच्या सहा काळ्या, आणि पेटीच्या पाचही काळ्या पट्ट्या त्यात येऊन जातात. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा फार आनंद झाला होता. तेव्हापासून उतरवलेली गिटार तपासायला मी ट्यूनरइतकाच पेटीचाही उपयोग करतो. बेसच्या चार तारा गिटारच्या जाड चार तारांच्याच नावाच्या आहेत, फक्त एक सप्तक खाली. म्हणजे बहिणीला वेगळं पाठांतर नाही.

कॅपोही याच भाषेत लक्षात ठेव. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी-चा आकार धरलास की काळी एक, डी-चा धरलास की काळी दोन, जी-चा धरलास की काळी चार आणि ए-चा धरलास की काळी पाच. काळी तीनला मात्र कॅपो दुसऱ्या फ्रेटवर आणि आकार ई-चा. बायकांचा सूर बरेचदा काळी चार-पाचला असतो, त्यामुळे पहिल्या फ्रेटवरचा कॅपो तुला भजनात फार साथ देईल. पण कॅपोची पकड घट्ट असेल तर तारा चढतात. कॅपो फ्रेटला अगदी खेटून लाव आणि लावल्यावर पुन्हा एकदा ट्यूनरकडे बघ. तेव्हा मोकळ्या तारांची अक्षरं बदललेली असतील: एफ, ए शार्प, डी शार्प, जी शार्प, सी, एफ. ती पाहून गोंधळून खुंटी पिळू नकोस.

आता प्रत्यक्ष तार लावणं. क्लिप हेडस्टॉकच्या पाठीमागे किंवा टोकाला बसव, खुंटीला किंवा तारेला टेकू देऊ नको. जी तार लावायची ती सोडून बाकीच्या तळहाताने दाबून धर, नाहीतर त्या झंकारत राहतात आणि ट्यूनरला कळत नाही तू कोणाविषयी विचारतो आहेस. अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेड, नखाने ओरबाडू नको. तार छेडल्याबरोबर सूर क्षणभर वर जातो आणि मग आपल्या जागेवर येतो, म्हणून काटा स्थिरावेपर्यंत थांब. आणि आधी अक्षर बघ, काटा नंतर. नवीन पोरं हिरवा दिवा बघतात आणि खूश होतात. दिवा हिरवा आहे, पण पडद्यावर जी-च्या ऐवजी जी शार्प आहे, हे त्यांना दिसतच नाही. आणखी एक धोका आहे. बरेच ट्यूनर अक्षर सांगतात, सप्तक सांगत नाहीत. नवीन तार चढवताना ती कितीतरी खाली असते, आणि पोरगं दिव्याच्या शोधात पिळत पिळत योग्य जागा ओलांडून पुढे जातं. मग तार तुटते, ती कधी कधी गालाला लागते. नवीन तार आधी शेजारच्या तारेवरून कानाने अंदाजे जवळ आणायची आणि मगच ट्यूनरला विचारायचं.

तार नेहमी खालून वर आणायची. वर गेली तर तेवढीच उतरवून थांबायचं नाही, चांगली खाली नेऊन परत चढवत आणायची. खुंटीच्या आत दातेरी चाक असतं. त्यात थोडी ढिलाई असते. उतरवून थांबलास तर ती ढिलाई तारेच्या ओढीने पहिल्याच ठोक्याला निघते आणि तार पडते. "आत्ताच तर लावली होती" ही तक्रार निम्म्या वेळा यातूनच येते. उरलेल्या निम्म्या वेळा नट. खुंटी फिरवताना "टिक्" असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. कंपासपेटीतली २बी पेन्सिल घे, शिसं खाचेत घास, तार परत बसव. एवढ्याने काम होतं.

सहाही तारा झाल्या की पुन्हा पहिल्यापासून एकदा फिर. एक तार ताणली की मानेवरचा ताण बदलतो आणि आधी लावलेल्या थोड्या उतरतात. नवीन तारा असतील तर प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ बोटात धरून हलकेच वर ओढ, परत लाव, परत ओढ. ओढूनही सूर पडत नाही असं झालं की ती तार कार्यक्रमाला न्यायला तयार झाली. नव्या तारा कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी चढवू नयेत, आदल्या दिवशी चढवाव्यात.

आता बेस. बहिणीला हे वाचून दाखव. बेसवाल्याला ट्यूनरची गरज गिटारवाल्यापेक्षा जास्त असते, आणि याला हिशोबाचं कारण आहे. दोन सूर अगदी जवळ असले की एकत्र वाजताना आवाजात लहर उठते, वाँव-वाँव अशी. ती लहर मंदावत थांबली की सूर जुळले, हे आपण कानाने ओळखतो. गिटारच्या बारक्या ई तारेवर पाच सेंटची चूक असेल तर सेकंदाला जवळजवळ एक लहर येते, ती कोणालाही ऐकू येते. तीच पाच सेंटची चूक बेसच्या जाड ई तारेवर असेल, तर मूळ सुराची एक लहर पुरी व्हायला आठ सेकंद लागतात. ती तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा हलते. एवढी मंद लहर मांडवात कानाने पकडणं अवघड, आणि तोवर गाणं दोन ओळी पुढे गेलेलं असतं. म्हणून बेस कानाने लावायचा हट्ट करू नये.

पण ट्यूनरलाही एवढा खालचा सूर लवकर कळत नाही. साध्या क्लिपचा काटा बेसच्या ई तारेवर भरकटतो, मोबाइलचं ॲप तर बरेचदा गप्पच राहतं. त्याला उपाय आहे. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर, तार न दाबता, बोट नुसतं टेकवायचं, छेडायचं आणि बोट लगेच उचलायचं. घंटीसारखा स्वच्छ सूर येतो, तो बरोबर एक सप्तक वरचा असतो, ८२ हर्ट्झच्या जागी. ट्यूनर तो पटकन ओळखतो. टोनची कळ पूर्ण बंद करायची आणि मानेजवळचा पिकअप ठेवायचा, म्हणजे वरचे किरटे आवाज गळतात आणि काटा शांत होतो. पाच तारांच्या बेसवर तर खालची बी तार ३१ हर्ट्झच्याही आत असते, तिथे हा उपाय केल्याशिवाय गत्यंतर नाही. पैसे साठले की तिच्यासाठी पायाने दाबायचा पेडल ट्यूनर घ्या. त्यात सूर वायरमधून थेट जातो, मांडवातला गोंगाट मधे येत नाही. तिला एक आणखी सांग: ती तार जोरात छेडते, तेव्हा लावतानाही वाजवते त्याच जोराने छेडून बघावं. हळुवार लावलेली जाड तार गाण्यात जोराने वाजली की चढी बोलते.

गिटार आणि बेस दोघांनी आपापलं लावून झालं की एकदा एकमेकांशी ताडून बघा. बेसच्या ई तारेवरचा बाराव्या फ्रेटचा तो घंटीचा सूर आणि गिटारची मोकळी जाड ई तार एकच सूर आहेत. एकदम वाजवा. लहर नसेल तर चला स्टेजवर.

आता आपल्या हवेविषयी, कारण पुण्या-मुंबईच्या गिटारवाल्यांना यातलं अर्धं कळणार नाही. अकोल्याचं ऊन तू बघतोस. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हामुळे जिल्हाधिकाऱ्यांना जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. पारा ४५ च्या वर गेला की पोलादी तार प्रसरण पावते आणि सूर उतरतो. लाकूड त्याच वेळी कोरडं पडून आकसतं, गिटारचं पोट किंचित खाली बसतं, तारा फ्रेटला जवळ येऊन खरखरतात आणि फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोटांना टोचायला लागतात. टोचायला लागली की समजायचं, लाकडाला पाणी हवं आहे. म्हणून उन्हाळ्यात गिटार भिंतीला टांगू नको, पश्चिमेच्या भिंतीला तर नाहीच. कव्हरमध्ये किंवा केसमध्ये, खोलीच्या आतल्या कोपऱ्यात ठेव. दुपारी गाडीच्या डिकीत ठेवलेल्या गिटारचा ब्रिज गोंद सुटून उचलला जातो, हे मी लोकांच्या वाद्यांवर पाहिलं आहे. २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबराचा थर टाकून विक्रम झाला तो आपला अमरावती-अकोला रस्ताच. त्यावर आता गचके कमी बसतात, पण डिकीतली भट्टी तशीच आहे. गिटार सीटवर माणसाच्या शेजारी न्यावी.

आणि कूलर! आपल्याकडे चार महिने घराघरात कूलर चालतो. खस भिजलेली, टाकी भरलेली, आणि त्याच्या तोंडासमोर दिवाणावर गिटार पडलेली. कूलर थंड हवेसोबत ओल फेकतो. दिवसभर कोरडं पडलेलं लाकूड रात्रभर ती ओल पितं आणि फुगतं, पोट वर येतं, तारा चढतात. सकाळी ट्यूनर लावलास तर सगळ्या तारा चढ्या, दुपारी उतऱ्या. असं वर-खाली वर-खाली महिनाभर झालं की लाकडाला चीर जाते. गिटार कूलरच्या झोतात ठेवू नकोस, एवढंच पुरेसं आहे. कूलरच्या खोलीच्या कोपऱ्यात, कव्हरमध्ये असली तर उलट बरीच सुखात राहते, कारण तिला थोडी ओल हवीच असते.

कार्यक्रमाच्या ठिकाणी हेच वेगळ्या रूपात येतं. गिटार लावायची ती जिथे वाजवायची त्या हवेत. वातानुकूलित खोलीत बसून निवांत लावलीस आणि मग लॉनवर दिव्यांच्या झोतात उभा राहिलास, तर पहिल्या गाण्यात तारा पडतील. वीस-पंचवीस मिनिटं आधी गिटार कव्हरमधून काढून स्टेजच्या मागे ठेव, तिला ती हवा लागू दे, मग लाव. हिवाळ्यातल्या लग्नात संध्याकाळी आणि रात्री अकराला हवेत फार फरक पडतो. गारठ्यात तार आकसते, सूर चढतो, तेव्हा दर दोन-तीन गाण्यांनी बघत राहावं. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलास तर पोचल्यावर लगेच वाजवायची घाई नको. वर हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर हवा गार आणि पावसाळ्यात चिंब असते. गिटारलाही थोडा वेळ दे.

लावूनही गिटार वरच्या फ्रेटवर बेसूर बोलते का, हे ट्यूनरच सांगतो. मोकळी तार बरोबर लाव, मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजव. दोन्ही वेळा काटा मधे यायला हवा. दाबल्यावर चढा दाखवत असेल तर इलेक्ट्रिक गिटार किंवा बेसच्या ब्रिजवरचा तो छोटा सॅडल मागे सरकव, म्हणजे तार लांब होईल. उतरा दाखवत असेल तर पुढे. लाकडी गिटारवर ही सोय नसते, तिथे आधी तारा बदलून बघ. गंजलेली, घामाने मळलेली तार कितीही लाव, अर्धीच खरी बोलते. हंगाम सुरू होण्याआधी तारा बदलण्यात कंजुषी नको.

आता जे सांगतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्यूनरने लावलेल्या गिटारचा गंधार गळ्यातल्या गंधारापेक्षा चढा असतो. गळ्यातला शुद्ध गंधार सा-पासून ३८६ सेंटवर लागतो. तंबोऱ्यातून जो आपोआप ऐकू येतो तो हाच. गिटारच्या फ्रेट मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून बसवलेल्या आहेत, तिथे गंधार ४०० सेंटवर आहे. चौदा सेंटचा फरक कान ओळखतो. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, तो कोणाला कळत नाही. पेटीचंही हेच आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही होता.

तू दोन गोष्टी कर. जी-चा कॉर्ड कानाला गोड लागावा म्हणून बी तार कानाने उतरवू नकोस. जी-मध्ये ती गंधार आहे, पण ई-च्या कॉर्डमध्ये तीच पंचम आहे, आणि उतरलेला पंचम फार वाईट लागतो. ट्यूनरने दिली तिथेच ती राहू दे. दुसरं, गाणारे गंधारावर स्थिर झाले, आलापात, गझलेच्या एखाद्या शेरात थांबले, की तू कॉर्डमधला गंधार सोडून दे. सा आणि पंचम एवढंच हळू वाजव. त्यांचा गंधार मोकळा होतो, आणि गाणारा तुझ्याकडे बघून मान हलवतो. ट्यूनर हे सांगू शकत नाही, कारण तो गाणं ऐकत नाही.

स्टेजवर आवाज बंद करूनच लावायचं. पेडल दाबलं की आवाज तुटतो, काटा दिसत राहतो. क्लिपवाल्याने गिटारवरची आवाजाची कळ शून्य करावी. निवेदक बोलत असताना, सामुदायिक प्रार्थना चालू असताना टुंग-टुंग ऐकू आलं तर ते वाईट दिसतं. गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळा जमाव जागच्या जागी स्तब्ध होतो. आपण त्या जिल्ह्याची माणसं आहोत, शांतता कशी पाळायची हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको.

किरकोळ राहिलं ते असं. क्लिपच्या ट्यूनरला बहुधा सीआर२०३२ चा गोल सेल लागतो, एक जादा कव्हरच्या खिशात टाकून ठेव. पडदा फिकट दिसायला लागला की लगेच बदल, दमलेल्या सेलवर काटा उगीच थरथरतो. पेडलला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि बहुतेकांत मधली पिन ऋण असते. मांडवात कोणाचाही अडॅप्टर उसना घेऊन खुपसू नका, आधी त्यावरची खूण वाचा. मोबाइलचं ॲप घरी शांत खोलीत चालतं, ताशे वाजत असताना त्याच्या भरवशावर राहू नये.

दसऱ्याला अमरावतीला येशील तेव्हा अंबादेवीचं दर्शन झालं की दोन्ही वाद्यं घेऊन घरी ये. येताना २बी पेन्सिल आणि सॅडल फिरवायचा छोटा पाना आण. बहिणीच्या बेसचा बारावा फ्रेट बघून घेऊ, आणि आपल्या पेटीचा आकडा तूच काढून सांग.